रिअ‍ॅक्ट नेमकं कोणाचं?

छत्तीसगडमधल्या अहिवाऱ्याला लागून नंदिनीची चुनखडीची खाण आहे, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या मालकीची. झोतभट्टीत लोहखनिजाबरोबर चुनखडी पडली की खनिजातली वाळू-माती तिच्याशी मिळून स्लॅग होते आणि लोखंड वेगळं निघतं. भिलाईत बनलेल्या रुळावरून गाडी धडधडत जाते तेव्हा चुनखडीची आठवण कुणालाच येत नाही. वेबसाइटच्या धंद्यात लायब्ररीचं स्थान तेच. दुकानाची, शाळेची किंवा बँकेची वेबसाइट बनवणारा सगळा कोड स्वतः लिहीत बसत नाही. बटणं, याद्या, अर्ज सांभाळण्याचं रोजचं काम तो कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या कोडच्या संग्रहावर सोपवतो. हा संग्रह बहुतेक वेळा फुकट मिळतो. फक्त चुनखडीचा गुणधर्म दरवर्षी बदलत नाही, लायब्ररीचा बदलतो. तो कुणी बदलायचा आणि कुठल्या दिशेने, यावरून गेली दहा-बारा वर्षं जे भांडण चालू आहे त्याच्या केंद्रस्थानी एकच नाव सतत येतं : रिअ‍ॅक्ट.

रिअ‍ॅक्ट काय करतं ते एका साध्या उदाहरणाने पाहू. एखाद्या शिकवणीवर्गाने फीची नोंद ठेवणारं पान बनवलंय असं धरा. एका मुलाने फी भरली की त्याच्या नावापुढे खूण यायला हवी, वर 'बाकी विद्यार्थी' हा आकडा एकाने कमी व्हायला हवा, आणि खालची एकूण रक्कम वाढायला हवी. जॉन रेसिग यांच्या जेक्वेरीचा जमाना होता तेव्हा (ती २००६ ची) या तिन्ही ठिकाणी जाऊन बदल करा असं प्रोग्रामर स्वतः सांगायचा. एक जागा विसरला की आकडे जुळत नसत. रिअ‍ॅक्टमध्ये तो फक्त एवढंच लिहितो की नोंदी अशा असतील तेव्हा पान असं दिसावं. नोंद बदलली की नवं पान कसं दिसेल याचा आराखडा रिअ‍ॅक्ट मनात तयार करतं, जुन्या आराखड्याशी ताडून पाहतं, आणि फरक असेल तेवढाच भाग ब्राउझरात बदलतं. पानाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला कंपोनंट म्हणायचं, आणि हे तुकडे जोडत मोठं पान उभं करायचं, ही त्याची मूळ रीत.

फेसबुकमधले अभियंते जॉर्डन वॉक यांनी हे २०११ मध्ये घडवलं. मे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका जावास्क्रिप्ट परिषदेत फेसबुकने ते सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा स्वागत थंडच झालं. थट्टाही झाली. पानाची मांडणी आणि पानाची हुशारी वेगवेगळ्या फाइलींत ठेवायची हा त्या काळचा संस्कार, आणि रिअ‍ॅक्टच्या जेएसएक्स या लेखनपद्धतीत दोन्ही एकाच फाइलीत नांदत होते. म्हणजे दिशेचा पहिला वाद जन्मदिवशीच झाला. तो युक्तिवादाने मिटला असं म्हणवत नाही. लोकांनी वापरून पाहिलं, मोठ्या पानांत गोंधळ कमी झाला, आणि टीका करणारेही दोन-तीन वर्षांत तेच लिहू लागले.

त्याच सुमारास शेजारच्या घरात मात्र आग लागली. गूगलची अँगुलरजेएस तेव्हा या क्षेत्रात आघाडीवर होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिसच्या परिषदेत तिच्या चमूने अँगुलर २ ची योजना मांडली. जवळपास सगळं नव्याने लिहिलेलं, जुन्या कोडशी मेळ नाही. ज्यांनी दोन-दोन वर्षं खपून मोठी अ‍ॅप्स उभी केली होती त्यांना कळून चुकलं की आपल्या पायाखालची जमीन बदलणार आहे आणि आपल्याला कुणी विचारलेलंही नाही. अँगुलर २ प्रत्यक्षात सप्टेंबर २०१६ मध्ये आलं. जुन्या अँगुलरजेएसचा आधार अखेर २०२१ च्या डिसेंबरपर्यंत वाढवावा लागला. मधल्या काळात कितीतरी जण रिअ‍ॅक्टकडे वळले. रिअ‍ॅक्टच्या यशात त्याच्या गुणांचा वाटा आहे तसा या एका परिषदेचाही आहे.

रिअ‍ॅक्टवरचा पहिला मोठा सामना तंत्रावरून झालाच नाही. तो झाला परवान्यावरून. २०१४ पासून रिअ‍ॅक्टला बीएसडी परवान्याच्या जोडीला पेटंटचं एक कलम चिकटवलेलं होतं. वापरा, बदला, विका, सगळ्याला मुभा. पण तुम्ही फेसबुकवर पेटंटचा दावा लावलात तर फेसबुकच्या पेटंटांबाबत तुम्हाला मिळालेली सवलत संपली. लहान कंपनीला यात काही वाटण्यासारखं नव्हतं. स्वतःची पेटंटं बाळगणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे वकील मात्र कपाळाला आठ्या घालत. जुलै २०१७ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत हा परवाना चालणार नाही असं ठरवलं. ऑगस्टमध्ये फेसबुकने कळवलं की बदल करणार नाही. १४ सप्टेंबरला वर्डप्रेसचे मॅट मुलेनवेग यांनी जाहीर केलं की मजकूर लिहिण्याचा आमचा नवा एडिटर रिअ‍ॅक्टवर चाललेला असला तरी आम्ही तो दुसऱ्या लायब्ररीवर नेऊ. जगातल्या पाव हिश्श्याहून अधिक वेबसाइट तेव्हा वर्डप्रेसवर चालत. स्वतःला या कलमाची अडचण नाही असं मुलेनवेग यांनी सांगितलं होतं; आपल्या मागे येणाऱ्या लाखो लोकांच्या गळ्यात ते अडकवायचं नाही, हा त्यांचा मुद्दा. २२ सप्टेंबरला फेसबुकने कलम सोडून देऊन साधा एमआयटी परवाना लावण्याची घोषणा केली, आणि २६ तारखेला रिअ‍ॅक्ट १६ त्या परवान्याखाली बाहेर पडलं. महिन्याभरापूर्वीचा 'नाही' आठ दिवसांत 'हो' झाला. वर्षभर चाललेल्या कुरकुरीला जे जमलं नव्हतं, ते एका मोठ्या ग्राहकाने उठून दाराकडे पाऊल टाकताच जमलं.

दुसरा सामना हुक्सचा. ऑक्टोबर २०१८ पर्यंत रिअ‍ॅक्टमध्ये स्वतःची आठवण ठेवणारा कंपोनंट लिहायचा तर 'क्लास' लिहावा लागे. त्यात 'धिस' नावाच्या प्रकाराने नवशिक्यांचे हाल व्हायचे. त्या महिन्यातल्या परिषदेत सोफी अल्पर्ट, डॅन अ‍ॅब्रामॉव्ह आणि रायन फ्लॉरेन्स यांनी नवी रीत दाखवली : साधं फंक्शन लिहा आणि आठवणीसाठी 'यूजस्टेट'सारखी आकडी त्यात अडकवा. प्रस्तावावर प्रतिक्रियांचा पाऊस पडला. कुणाला ती जादू वाटली, कुणाला जादूटोणा. हुक्स नेहमी त्याच क्रमाने बोलवले पाहिजेत, अटीच्या आत टाकायचे नाहीत, हा नियम भाषेत कुठे लिहिलेला नाही, तो नुसता पाळायचा. यावर घेतलेला आक्षेप मला आजही रास्त वाटतो. तरीही फेब्रुवारी २०१९ मध्ये १६.८ आवृत्तीत हुक्स आले आणि वर्ष-दोन वर्षांत सर्वांच्या अंगवळणी पडले.

अँगुलरसारखा स्फोट इथे का झाला नाही? क्लास काढून टाकण्याचा आमचा विचार नाही, असं चमूने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि शब्द पाळला. आजच्या रिअ‍ॅक्टमध्येही जुने क्लास चालतात. यामागे निव्वळ सौजन्य नव्हतं. फेसबुकमध्येच क्लास पद्धतीने लिहिलेले हजारो कंपोनंट पडून होते. ते नव्याने लिहिणं कंपनीला परवडणारं नव्हतं. मालकाच्या घरातली अडचण आणि बाहेरच्यांची अडचण एकच होती म्हणून बाहेरचे वाचले. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढच्या वादात ती नेमकी उलटली.

डिसेंबर २०२० मध्ये सर्व्हर कंपोनंट्सची कल्पना मांडली गेली. प्रश्न खरा होता. रिअ‍ॅक्टचं पान उघडताना फोनला आधी जावास्क्रिप्टचं गाठोडं उतरवून घ्यावं लागतं, मग ते चालवावं लागतं, मग माहिती मागवावी लागते. तोवर पडद्यावर पांढरं पान नाही तर गोल फिरणारं चक्र. रिअ‍ॅक्ट स्वतः दाबून चाळीसेक किलोबाइटांचं, पण त्यावर अ‍ॅपचा कोड रचत गेलं की गाठोडं फुगतं. हिंजवडीच्या कार्यालयातल्या लॅपटॉपवर हे जाणवत नाही. स्वस्त फोनवर, रेंज येते-जाते अशा ठिकाणी, चांगलंच जाणवतं. अहिवाऱ्यासारख्या गावात बसून असं पान उघडणाऱ्याने याची किंमत वेळेत आणि डेटात मोजलेली असते. सर्व्हर कंपोनंट सर्व्हरवरच चालतो, फोनकडे फक्त निकाल पाठवतो, त्याचा कोड फोनपर्यंत येतच नाही. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर सौदा चांगला.

मग विरोध कशाला? कारण आजवर रिअ‍ॅक्ट ही ब्राउझरात टाकायची एक फाइल होती, आणि आता तिला सर्व्हर लागू लागला. शिवाय तो सर्व्हर, कोड बांधून देणारं साधन आणि लायब्ररी यांची घट्ट सांगड लागू लागली. ही सांगड तयार स्वरूपात बराच काळ व्यवहारात एकाच ठिकाणी मिळे, ते म्हणजे नेक्स्टजेएस. नेक्स्टजेएस बनवते व्हर्सेल ही कंपनी, आणि व्हर्सेल पैसे कमावते वेबसाइटना सर्व्हरवर जागा देऊन. त्यातच सर्व्हर कंपोनंट्समागचे मुख्य डोके सेबास्टियन मार्कबोगे २०२१ च्या अखेरीस फेसबुक सोडून व्हर्सेलमध्ये गेले, मागोमाग अँड्र्यू क्लार्कही गेले. सर्व्हर लागणारी रीत सुचवणारे लोक सर्व्हर विकणाऱ्या कंपनीच्या पगारावर, एवढं चित्र शंकेखोराला पुरेसं होतं.

मला स्वतःला यात कट दिसत नाही. कल्पना फेसबुकातच जन्मली होती, आणि ती बाहेर राबवून पाहायला कुणीतरी एक भागीदार लागणारच होता. पण कट नसला तरी कल असतोच. ज्याच्या घरी तुम्ही रोज काम करता त्याच्या अडचणी तुम्हाला आधी दिसतात. रिअ‍ॅक्ट १८ मार्च २०२२ मध्ये आलं, १९ थेट डिसेंबर २०२४ मध्ये. मधली अडीच-पावणेतीन वर्षं नेक्स्टजेएस रिअ‍ॅक्टच्या अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर नव्या सोयी चालवत होतं आणि बाकीचे वाट पाहत होते. अधिकृत मार्गदर्शिकेचं नवं रूप मार्च २०२३ मध्ये आलं, त्यातही नव्या माणसाला आधी नेक्स्टजेएससारखी फ्रेमवर्क सुचवलेली. व्हीटसारखं हलकं साधन एका मिटलेल्या चौकटीत, शोधणाऱ्यालाच सापडेल असं. २०१६ पासून लाखोंनी ज्यावर रिअ‍ॅक्ट गिरवलं ते 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' दुर्लक्षित होऊन पडलं होतं. ते १४ फेब्रुवारी २०२५ रोजी रीतसर निवृत्त केलं गेलं. त्यानंतर मात्र लोकांनी पुन्हा आवाज उठवला आणि फ्रेमवर्कशिवाय सुरुवात कशी करावी याला मार्गदर्शिकेत नीट जागा मिळाली.

हे बदल दुर्ग-भिलाईतल्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलाला कसे भेटतात तेही पाहा. त्याने मित्राकडून मिळालेल्या जुन्या व्हिडिओंवर क्लास शिकलेले असतात. पुण्या-नागपूरच्या मुलाखतीत हुक्स विचारतात. हुक्स शिकून तो क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपने प्रकल्प सुरू करतो, तर ते बंद झाल्याची सूचना पडद्यावर येते. मोठ्या कंपनीत अशा बदलांसाठी माणसं नेमलेली असतात, गावातल्या एकट्या प्रोग्रामरला तो खर्च स्वतःच्या रात्रींतून काढावा लागतो. दिशेच्या वादात त्याचा आवाज जवळपास ऐकूच येत नाही.

पण ऐकून घ्यायला लावणारा आवाज कसा असतो, त्याचा उत्तम नमुना २०२४ च्या जूनमध्ये दिसला. रिअ‍ॅक्ट १९ ची जवळपास अंतिम आवृत्ती चाचणीसाठी बाहेर आली होती. टॅनस्टॅक क्वेरी ही माहिती मागवण्याची लायब्ररी सांभाळणारे डॉमिनिक डॉर्फमायस्टर यांच्या एक गोष्ट लक्षात आली. 'सस्पेन्स' म्हणजे माहिती येईपर्यंत 'थांबा' दाखवणारी चौकट. तिच्या आत दोन कंपोनंट असतील तर आजवर दोघेही आपापली मागणी एकदमच पाठवत. नव्या आवृत्तीत पहिल्याची माहिती आल्याशिवाय दुसऱ्याची मागणी निघतच नव्हती. प्रत्येकी दोन सेकंद लागत असतील तर दोनाचे चार झाले. चमूच्या हे ध्यानात का आलं नाही? कारण मेटामध्ये (फेसबुकने २०२१ मध्ये हेच नाव घेतलं) माहिती कंपोनंटच्या आत मागवत नाहीत, पान रंगायच्या आधीच मागवून ठेवतात. त्यांच्या घरात काहीच मंदावलं नव्हतं.

इथे कुणी 'रिअ‍ॅक्ट विकलं गेलं' म्हणून छाती पिटली नाही, किंवा पिटली तरी ती निर्णायक ठरली नाही. लहानसं, कुणालाही चालवून पाहता येईल असं उदाहरण पुढे ठेवलं गेलं : हे आधी एवढ्या वेळात व्हायचं, आता एवढा लागतो. चमूने प्रकाशन थांबवलं. पुढे तोडगा निघाला तो असा की 'थांबा'ची पाटी लगेच दाखवायची आणि मागोमाग बाकीच्या कंपोनंटांना चाळवून त्यांच्या मागण्याही निघू द्यायच्या. अंतिम रिअ‍ॅक्ट १९ आलं ते हा तोडगा घेऊन, काही महिने उशिरा. परवान्याच्या वेळी वकिलांनी जोखीम दाखवली, इथे घड्याळाने उशीर दाखवला. दोन्ही वेळा फेसबुक-मेटाला माघार घ्यावी लागली. सर्व्हर कंपोनंट्सविरुद्धची नाराजी याहून कितीतरी मोठी होती, पण ती बहुतेक मनःस्थितीची होती, मोजमापाची नव्हती.

कंपनी मालक असली की असं होतं, स्वतंत्र माणसाकडे असती तर झालं नसतं, असंही एक मत आहे. व्ह्यू या अशाच दुसऱ्या लायब्ररीच्या अनुभवावरून ते फारसं टिकत नाही. व्ह्यूचे निर्माते इव्हान यू यांचं काम तेव्हा देणग्या आणि प्रायोजकांवर चाले. २०१९ च्या जूनमध्ये त्यांनी कंपोनंट लिहिण्याची नवी पद्धत सुचवली तेव्हा जुनी पद्धत जाणार या भीतीने त्यांचेच चाहते त्यांच्यावर तुटून पडले. जुनी राहील असं स्पष्ट केल्यावर वातावरण निवळलं, पण व्ह्यू २ वरून ३ वर जाणं अनेकांना जड गेलंच. मुंबईची फ्रापे ही कंपनीही याच वाटेने गेली आहे. रुषभ मेहता यांनी उभी केलेली ही मुक्त स्रोत कंपनी, तिचं ईआरपीनेक्स्ट हे कंपन्यांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. तिच्या नव्या उत्पादनांचा चेहरा व्ह्यूवर आहे, पण जुना मुख्य पडदा आजही बराचसा जेक्वेरीच्या वळणाचा. २०२२ मध्ये १४ व्या आवृत्तीत मनुष्यबळ आणि पगाराचा भाग ईआरपीनेक्स्टमधून काढून वेगळा केला, तेव्हा सगळं एकाच जागी मिळावं म्हणून आलेल्यांना तो वेगळा बसवावा लागला. कोड हलका झाला आणि वापरणाऱ्याचं काम वाढलं.

पटत नसेल तर वेगळं व्हा, ही मुक्त स्रोताची शेवटची मुभा. ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसच्या बाबतीत ती खरोखर वापरली गेली. जॉयंट कंपनीच्या हाती असलेलं नोड मंदावलं म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये काही मुख्य लेखकांनी आयओजेएस नावाची वेगळी चूल मांडली. वर्षभरात दोन्ही पुन्हा एकत्र आले, तेही कंपनीबाहेरच्या प्रतिष्ठानाखाली, आणि सप्टेंबर २०१५ चं नोड ४ हे त्या समेटाचं फळ. रिअ‍ॅक्टची अशी फाळणी कुणी केली नाही. जेसन मिलर यांचं तीन किलोबाइटांचं प्रीअ‍ॅक्ट आहे, पण ते पहिल्यापासून वेगळंच लिहिलेलं. रिअ‍ॅक्टच्या भोवती हजारो जोड-लायब्ररी, अभ्यासक्रम आणि नोकऱ्यांच्या जाहिराती उभ्या आहेत. कोडची नक्कल एका मिनिटात होते, या सगळ्याची होत नाही.

प्रतिष्ठान मात्र झालं. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी रिअ‍ॅक्ट फाउंडेशनची घोषणा झाली, लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली. संस्थापक सदस्यांत मेटा आणि व्हर्सेल यांच्यासोबत अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, एक्सपो, कॉलस्टॅक आणि सॉफ्टवेअर मॅन्शन आहेत. मेटाने पाच वर्षांत तीस लाख डॉलरहून अधिक देण्याचं कबूल केलं. पैसा आणि नाव मंडळाकडे, तांत्रिक निर्णय प्रत्यक्ष कोड लिहिणाऱ्यांकडे, अशी विभागणी जाहीर झाली. मला हे पाऊल बरं वाटतं, पण त्याने शंका मिटेल असं वाटत नाही. कोड लिहिणाऱ्यांना पगार कोण देतं हा मूळ प्रश्न होता, आणि ते पगार अजून मुख्यतः त्याच कंपन्या देतात.

दोनच महिन्यांनी, ३ डिसेंबरला, सर्व्हर कंपोनंट्समधली एक त्रुटी जाहीर झाली. बाहेरच्या कुणीही नीट घडवलेली एक विनंती पाठवून सर्व्हरवर आपला कोड चालवावा, पासवर्डचीही गरज नाही, इतकी गंभीर. धोक्याच्या मोजपट्टीवर तिला दहापैकी दहा गुण मिळाले. दुरुस्त आवृत्त्या त्याच दिवशी निघाल्या आणि जगभर घाईने बसवल्या गेल्या. ५ डिसेंबरला असंख्य वेबसाइटची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअरने याच त्रुटीपासून बचावासाठी आपल्या यंत्रणेत बदल केला आणि तीच सुमारे पंचवीस मिनिटं कोलमडली. आपल्याकडे बाजाराच्या वेळात झिरोधा, ग्रो यांची अ‍ॅप्स अडकली. सर्व्हर कंपोनंट्सच्या विरोधकांनी 'आम्ही सांगत होतो' म्हटलं. समर्थकांचं उत्तर असं की सर्व्हरवर चालणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये अशा त्रुटी निघतात. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. ज्यांचं रिअ‍ॅक्ट नुसतं ब्राउझरात चालत होतं, २०१३ सारखं, त्यांना त्या आठवड्यात एकही ओळ बदलावी लागली नाही.